पित्ताशयाचं ऑपरेशन झालं होतं असं मेडिकल बोर्डाला सांगू का?

पत्र थोडक्यात असं आहे. मुंबईच्या पूर्व उपनगरात राहणारी २२ वर्षांची मुलगी. बारावीला असताना उंची १६० सेंमी आणि वजन ११६ किलो, शुगर बॉर्डरवर, पाळी चार-चार महिने यायची नाही. वडिलांनी पतपेढीचं कर्ज काढलं आणि बारावीनंतरच्या सुट्टीत तिचं वजन कमी करायचं, स्लीव्हचं ऑपरेशन झालं. आज वजन ६२. कॉलेजात एनसीसी केली, सी सर्टिफिकेट मिळालं आणि आता एनसीसी स्पेशल एंट्रीतून आर्मीच्या एसएसबीचं, म्हणजे ऑफिसर निवडणाऱ्या बोर्डाचं, कॉल लेटर आलंय, सेंटर भोपाळ. ऑपरेशनच्या वेळी नातेवाइकांना 'पित्ताशयात खडे झाले होते' असं सांगितलं होतं. कोचिंग क्लासचे सर म्हणतात बोर्डालाही तेच सांग, पोटावरच्या खुणा सारख्याच दिसतात. आई म्हणते खरं बाहेर आलं तर लग्न जमणार नाही. तिने स्वतः नेटवर वाचलंय की अमेरिकेत अशा लोकांना वेव्हर, म्हणजे नियमातून सूट, मिळतो. शेवटी ती विचारते, "ताई, मी मेहनत न करता शॉर्टकट घेतला त्याची ही शिक्षा आहे का? खोटं बोलू की स्वप्न सोडून देऊ?"

अगं, तुझं पत्र लांबलचक आहे आणि त्यातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तू अगदी शेवटी, जाता जाता टाकलीयस. मेडिकलला 'कुठल्या गोळ्या चालू आहेत' असं विचारलं तर 'काही नाही' म्हणता यावं म्हणून बी१२, आयर्न, कॅल्शियम सगळं तू बंद करून टाकलंयस, आणि हल्ली रनिंग झालं की चक्कर येते, रात्री तळपायाला मुंग्या येतात. भोपाळ, बोर्ड, आईचं टेन्शन, सगळ्यावर बोलू, पण आधी हे.

स्लीव्हमध्ये जठराचा साधारण ७५ ते ८० टक्के भाग कापून बाहेर काढतात, तो परत येत नाही. जठराच्या त्याच भागातल्या पेशी एक द्रव्य तयार करतात, त्याला इन्ट्रिन्सिक फॅक्टर म्हणतात, आणि ते नसेल तर खाल्लेलं बी१२ आतड्यात नीट शोषलंच जात नाही. म्हणजे तू कितीही पौष्टिक खाल्लंस तरी तुला बी१२ बाहेरून घ्यावंच लागणार, गोळी म्हणा, इंजेक्शन म्हणा, आणि ते वर्षा-दोन वर्षांपुरतं नाही, कायमचं. बी१२ बराच काळ कमी राहिलं तर नसांना इजा होते, त्याची सुरुवात बरेचदा अशीच मुंग्यांनी होते, आणि उशीर झाला तर ती इजा पूर्ण भरून येतेच असं नाही. आयर्नचंही तसंच, त्यात दर महिन्याची पाळी आणि वर मे महिन्यातलं रनिंग. तेव्हा उद्या सकाळी ग्राउंडवर जायच्या ऐवजी लॅबमध्ये जा. सीबीसी, फेरिटिन, बी१२, डी३, कॅल्शियम एवढं करून घे आणि रिपोर्ट घेऊन ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्या ओपीडीत जा, फॉलोअप सोडून किती दिवस झाले म्हणून ओरडतील, ओरडू देत. आणि केमिस्टकडून आपल्या मनाने नुसत्या फॉलिक ॲसिडच्या गोळ्या आणून खाऊ नकोस, त्याने हिमोग्लोबिन सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसांचं नुकसान चालूच राहतं. रिपोर्ट येईपर्यंत पळणं बंद. चाल हवी तेवढी.

हे झालं की पुढचं वाच.

आता तुमच्या सरांचा सल्ला. मला राग आला तो खोटं बोल म्हणाले याचा कमी, त्यांना मेडिकलमध्ये काय काय करतात हेही माहीत नाही याचा जास्त. एसएसबीतून रेकमेंड झालेल्यांचं, म्हणजे निवडलेल्यांचं, मिलिटरी हॉस्पिटलमध्ये जे मेडिकल होतं त्यात पोटाची सोनोग्राफी असतेच. तू म्हणणार पित्ताशय काढलंय, आणि प्रोब ठेवल्या ठेवल्या डॉक्टरला स्क्रीनवर ते पित्ताशय आपल्या जागी छान बसलेलं दिसणार. त्यापुढे काय बोलायचं ते सरांनी शिकवलंय का? पित्ताशय खरंच काढलं असेल तरी डिस्चार्ज कार्ड मागतात, ते कुठून आणणार? शिवाय स्लीव्हमध्ये जठर शिवायला टायटॅनियमच्या बारीक पिना वापरतात, त्यांची रांग एक्स-रेमध्ये दिसू शकते. आणि समजा, सगळं चुकवून तू निसटलीस, चेन्नईच्या ओटीएमध्ये, म्हणजे ऑफिसरांच्या ट्रेनिंग अकादमीत, पोचलीस, तर एक दिवस पोट दुखेल किंवा तिथेच पळताना चक्कर येऊन पडशील तेव्हा तुझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरला आत काय आहे ते माहीत नसेल. मला खरी भीती त्या दिवसाची वाटते.

कायद्याचंही बघ. मेडिकलच्या फॉर्मवर आधीचे आजार, ऑपरेशनं विचारलेली असतात आणि खाली तुझी सही असते. सैनिक म्हणून भरती होणाऱ्याने भरतीच्या फॉर्मवर जाणूनबुजून खोटं उत्तर दिलं तर आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ४४ खाली कोर्ट मार्शल होऊन ५ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुझी एंट्री ऑफिसरची आहे, पण जवानाने खोटं बोललं तर तुरुंग आणि ऑफिसरने बोललं तर चालतं, असं कुठली फौज म्हणेल? ऑफिसरच्या शब्दावर माणसं आपला जीव टाकतात. अग्निवीरची तयारी करणारी कितीतरी मुलं हे सदर वाचतात, त्यांनीही हे कलम लक्षात ठेवा.

वेव्हरचं तू अर्धं वाचलंयस. अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा ६१३०.०३ नंबरचा मेडिकल नियम आहे, त्यात वजन कमी करायचं कुठलंही ऑपरेशन झालेलं असेल, बँड असो की बायपास, तर उमेदवार अपात्र असं स्पष्ट लिहिलंय. म्हणजे सुरुवात तिथेही नकारानेच होते. त्यानंतर तिकडची आर्मी, नेव्ही वगैरे आपापल्या गरजेप्रमाणे एखाद्याला सूट देतात, कित्येकांना देत नाहीत. आपल्याकडे आहे ते अपील. बोर्डाने अनफिट लिहिलं तर अपील मेडिकल बोर्ड, त्यानंतर रिव्ह्यू मेडिकल बोर्ड, तो मिळणं न मिळणं डीजीएएफएमएसच्या, म्हणजे तिन्ही दलांच्या वैद्यकीय प्रमुखांच्या, हातात. पण अपील कशासाठी असतं ते समजून घे. पहिल्या डॉक्टरने तपासताना चूक केली असेल, किंवा दोष मधल्या दिवसांत दुरुस्त झाला असेल, तर ते पकडायला. कानातला मळ काढला, वजन उतरवलं, अशा केसेस तिथे सुटतात. तुझ्या केसमध्ये चूक कुठली दाखवणार? जठराचा मोठा भाग नाहीये हे खरंच आहे.

एअरफोर्सच्या मेडिकल स्टँडर्डमध्ये तर सरळच म्हटलंय की ऑपरेशनमध्ये एखादा अवयव पूर्ण किंवा थोडा काढला असेल तर रिजेक्ट, अपवाद फक्त पित्ताशय आणि अपेंडिक्ससारखे बिनकामाचे अवयव. सरांनी ते पित्ताशय का उचलून धरलं असावं ते आता तुझ्या लक्षात आलं असेल. आर्मीत बोर्ड कागद आणि माणूस दोन्ही बघून ठरवतो, पण जठराचा तीन चतुर्थांश भाग नसलेल्या उमेदवाराला फिट लिहिलं जाईल असं धरून तू पुढची दोन वर्षं आखू नकोस. माझं मत विचारशील तर उत्तर 'परमनंट अनफिट' येणार असं समजूनच चाल. कडू आहे, पण तुला कोणीतरी हे सांगायला हवं होतं आणि क्लासवाल्यांनी ते फी घेण्याआधी सांगायला हवं होतं.

तू लिहितेस, "मी आमच्या बॅचमधल्या सगळ्या मुलींपेक्षा जास्त पळते, मग मी अनफिट कशी?" हा प्रश्न रास्त आहे, चिडायला होणारच. पण तुझ्या डोक्यात फिट म्हणजे आज मी काय करू शकते, आणि बोर्डाच्या डोक्यात फिट म्हणजे हिच्यावर पुढची दहा-बारा वर्षं कुठे कुठे काय काय वेळ येऊ शकते. बघ ना, तुला पाणी घोट घोट प्यावं लागतं, घटाघटा तांब्याभर प्यायलीस तर उलटी होते, हे तूच लिहिलंयस. राजस्थानच्या उन्हात एक्सरसाइज चालू असताना पाणी प्यायला दोन मिनिटं मिळाली तर? लेहच्या पुढे गेलं की चांगल्या धडधाकट माणसाची भूक मरते, जेवण जात नाही, तिथे तुझ्या एवढ्याशा पोटात दिवसाचं साठ ग्रॅम प्रोटीन कसं जाणार? पाय मुरगळला, पाठ धरली की फौजेत पेनकिलर देतात, आणि तुला ब्रुफेन, डायक्लोफिनॅक या जातीच्या गोळ्या शक्यतो टाळायला सांगितलंय. स्लीव्हनंतर ॲसिडिटी वर येण्याचा त्रास बऱ्याच जणांना होतो, काहींना वर्षांनी सुरू होतो. सतत उलट्या झाल्या तर थायमिन कमी होऊन मेंदूपर्यंत परिणाम जाऊ शकतो. मुंबईत यातल्या कशालाच घाबरायचं कारण नाही, रिक्षात बसलीस की दहा मिनिटांत हॉस्पिटल. बर्फात अडकलेल्या पोस्टवर मात्र एका माणसाला खाली आणायचं म्हणजे हेलिकॉप्टर, हवामान, पायलटचा जीव, एवढं सगळं लागतं. बोर्ड या हिशोबाने नाही म्हणतो. त्यात तुझ्याबद्दल, तुझ्या जिद्दीबद्दल, तुझ्या जुन्या वजनाबद्दल त्यांचं काहीही मत नसतं.

आणि इथेच मला तुझ्या त्या शिक्षेच्या वाक्याशी भांडायचंय.

शॉर्टकट कुठला गं? १६० सेंमीला ११६ किलो म्हणजे बीएमआय ४५ च्या वर. आपल्याकडचे सर्जन ३७.५ च्या वर, किंवा ३२.५ च्या वर आणि जोडीला डायबेटिससारखा आजार असेल तर हे ऑपरेशन सुचवत आलेत. तू त्या रेषेच्या कितीतरी पुढे होतीस, शुगर बॉर्डरवर, पाळी गायब. एवढं वजन वाढलेलं असतं तेव्हा शरीर ते सोडायला तयार नसतं, कमी खाल्लं की भूक दुप्पट लागते, हा काही आळशीपणा नाही, आतली केमिस्ट्री आहे. भूक वाढवणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जठराच्या वरच्या भागात सगळ्यात जास्त बनतं, आणि स्लीव्हमध्ये नेमका तो भाग जातो, म्हणून तुझी भूक पहिल्यांदा आटोक्यात आली आणि मग तू चाललीस, पळलीस, परेड केलीस. मेहनत तूच केलीस, ऑपरेशनने ती करणं शक्य केलं. अँजिओप्लास्टी झालेल्या काकांना आपण शॉर्टकट घेतला म्हणत नाही. वजनाचं मात्र आपल्या लोकांना असं वाटतं की माणसाने उपाशी राहून, रडून, सोसूनच ते उतरवलं पाहिजे, नाहीतर ते उतरलेलं धरायचं नाही.

तुमच्या घराने त्याला पित्ताशय हे नाव दिलं तेव्हा तुला नकळत हेच शिकवलं गेलं, की झालं ते लाजिरवाणं होतं. आईबाबांना दोष देत नाही मी, चाळीत काय किंवा टॉवरमध्ये काय, लोक कसे बोलतात ते त्यांनी तुझ्या लहानपणापासून ऐकलंय. पण बोर्डापुढे खोटं बोलायची कल्पना तुला एवढी सहज पटली ती का, याचा विचार केलास का? घरात चार वर्षं रोज तीच प्रॅक्टिस चालू आहे.

आता एक नाजूक प्रश्न विचारते, लगेच उत्तर देऊ नकोस. तू लिहिलंयस, "युनिफॉर्म घालून आमच्या बिल्डिंगच्या गेटमधून आत येईन ना ताई, तेव्हा मला शाळेपासून हत्ती म्हणणाऱ्या सगळ्यांची तोंडं बंद होतील." वाचून मला भरून आलं, खरंच. पण गेटपासून लिफ्टपर्यंत चालायला एक मिनिट लागतं आणि शॉर्ट सर्व्हिस, म्हणजे तुझ्या एंट्रीतली ठरावीक मुदतीची नोकरी, १० वर्षांची, वाढवली तर १४. त्या वर्षांत तुझ्या बिल्डिंगमधलं कोणीही तुला बघणार नाहीये. कुठेतरी आसामात पाऊस लागलेला असेल, तू स्टोअरचा हिशोब लावत बसलेली असशील, जवानांच्या सुट्ट्यांचे अर्ज, गाड्यांचे कागद, रात्रीची ड्यूटी, आणि बी विंगच्या काकू आपल्या इथे भाजी निवडत असतील, त्यांना तुझी आठवणही नसेल. ते काम तुला हवंय का? तसं असेल तर तुला फौजेचं काम आवडतं, आणि त्यातला बराचसा भाग दुसरीकडेही मिळतो, खाली लिहिते. आणि मनात नुसतं गेटच येत असेल तर तेही वाईट नाही, फक्त मग तुला फौजेकडून जे हवंय ते फौज देऊच शकत नाही, फिट असतीस तरी नसतं दिलं. हत्ती म्हणणाऱ्यांना तू कॅप्टन झालीस तरी काही फरक पडत नाही गं, त्यांनी दुसरं काहीतरी शोधलं असतं.

मग भोपाळला जायचं की नाही? दोन्ही बाजू आहेत. न जाण्याच्या बाजूने म्हणशील तर पाच दिवस सगळं ओतायचं, आणि समजा रेकमेंड झालीस तर त्यानंतर हॉस्पिटलमध्ये नकार ऐकायचा, हे पहिल्याच दिवशी स्क्रीन आउट होऊन घरी येण्यापेक्षा फार जास्त लागतं. जाण्याच्या बाजूने म्हणशील तर एसएसबी हा स्वतःला बघायचा चांगला अनुभव आहे, ग्रुप टास्क, सायकॉलॉजीच्या टेस्ट, इंटरव्ह्यू, पुढे कुठल्याही नोकरीत उपयोगी पडेल, पहिल्यांदा जाणाऱ्याला थर्ड एसीचं भाडंही मिळतं, आणि तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाची जागा अडत नाही कारण मेरिट लिस्ट मेडिकल फिट असलेल्यांचीच लागते. मला वाटतं तू जावंस, पण काही गोष्टी आधी केल्या तरच. रक्ताचे रिपोर्ट नीट आलेले हवेत आणि डॉक्टरने हो म्हटलेलं हवं, हे पहिलं. मग आर्मीच्या भरतीच्या अधिकृत वेबसाइटवरून लेखी विचार, ऑपरेशनचं नाव आणि वर्ष लिहून, की अशा उमेदवाराचं मेडिकलमध्ये काय होतं. साफ नाही असं उत्तर आलं तर तिकीट कॅन्सल कर, विषय संपला. उत्तर आलंच नाही तर डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट्स, आतापर्यंतचे सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये लावून घे आणि रेकमेंड झालीस तर बोर्डात पहिल्यांदा तोंड उघडशील तेव्हाच ते दे, कोणी विचारायची वाट न बघता. एक अटही आहे. 'रेकमेंड झाले पण मेडिकलला गेले' हे वाक्य तुला आरशासमोर न रडता बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर या वेळी नको जाऊस. एअरफोर्स आणि नेव्हीचे फॉर्म भरण्यात मात्र पैसे आणि वेळ घालवू नकोस. टेरिटोरियल आर्मीचं नावही कोणीतरी सुचवेल, तिथे वय ४२ पर्यंत चालतं हे खरं, पण मेडिकल तिथेही आहेच.

सरांचे मॉक इंटरव्ह्यू तेवढे पूर्ण करून घे, पैसे भरलेत.

आता आई. लग्नाबद्दल तिला वाटतं ती भीती खोटी नाही, असे लोक आहेत जे ऑपरेशन ऐकून उठून जातील. जाऊ देत. पण लपवून लग्न केलंस तर रोज सकाळी कुठली गोळी खातेस ते किती वर्षं लपवणार? आणि पुढे मूल हवं असेल तर हे तुझ्या गायनॅकला माहीत असणं अत्यंत गरजेचं आहे. ऑपरेशननंतरचे पहिले १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत असं सांगतात, ते तुझे केव्हाच उलटले, पण बी१२, आयर्न, फॉलिक ॲसिडवर प्रेग्नन्सीभर लक्ष ठेवावं लागतं. प्रेग्नन्सीत शुगर तपासायला जे ग्लुकोजचं पाणी प्यायला देतात त्यानेही असं ऑपरेशन झालेल्या बाईला मळमळ, घाम, चक्कर होऊ शकते, अशा वेळी डॉक्टर दुसऱ्या पद्धतीने शुगर तपासतात, पण त्यांना माहीत असेल तर ना. सासूसमोर, गायनॅकच्या केबिनमध्ये हे पहिल्यांदा बाहेर पडावं असं आईला वाटतंय का, तिलाच विचार. सगळ्या जगाला सांगायची गरज नाही, फॅमिली ग्रुपवर टाकायची तर मुळीच नाही, मावश्या आहेत त्या पित्ताशयावर खूश असतील तर राहू देत. पण डॉक्टर, डेंटिस्ट, कॅज्युअल्टी, आणि ज्याच्याशी लग्न करायचं तो, होकार देण्याच्या आधी, एवढ्यांना माहीत असायलाच हवं. फोनच्या लॉक स्क्रीनवरच्या इमर्जन्सी माहितीत ऑपरेशनचं नाव आणि कुठल्या पेनकिलर चालत नाहीत ते टाकून ठेव, आजच.

हे सदर वाचणाऱ्या आणखी एका गटाशी बोलायचंय, कारण अशी पत्रं मला येतात. भरतीत वजनामुळे बसत नाही म्हणून ऑपरेशन करून घेऊ का, असं विचारणारी मुलं. थांबा रे. नुसतं वजन जास्त निघालं तर बोर्ड साधारणपणे टेंपररी अनफिट लिहितो, ऑफिसर एंट्रीत ४२ दिवसांच्या आत अपील करून उतरवलेल्या वजनाने परत उभं राहता येतं. जठर कापलं की ते कायमचं. म्हणजे ज्या दारातून आत जायचं म्हणून ऑपरेशन केलंत तेच दार त्या ऑपरेशनने बंद होतं. दहा-बारा किलो जास्त असेल तर सहा महिने आधी सुरुवात करा, क्रॅश डाएट करून शेवटच्या आठवड्यात पाणी तोडून वजनकाट्यावर उभे राहू नका, चक्कर येऊन पडलेली मुलं भरतीच्या मैदानात दिसतात. वजन कमी करायची इंजेक्शनं, मौंजारो, वेगोव्ही, २०२५ पासून आपल्याकडे मिळायला लागलीत, ती कोणाच्या सांगण्यावरून ऑनलाइन मागवून घेऊ नका, डॉक्टरने दिली असतील तर मेडिकलला ती पण सांगा. आणि ज्याचा बीएमआय खरोखर ४०-४५ आहे, डायबेटिस आहे, झोपेत श्वास अडकतो, त्याने सर्जनने सांगितलं असेल तर ऑपरेशन जरूर करावं, भरतीचं स्वप्न आड येऊ देऊ नये. आधी जगायचंय.

परत तुझ्याकडे. संरक्षण खात्यात युनिफॉर्मबाहेरचंही खूप काम असतं आणि आपल्या मुलींना ते कोणी सांगत नाही. तू बी.कॉम. आहेस. एसएससी सीजीएल या केंद्र सरकारच्या पदवीधरांसाठीच्या परीक्षेतून एएफएचक्यूमध्ये, म्हणजे सैन्यदलांच्या मुख्यालयात, असिस्टंट सेक्शन ऑफिसर होता येतं, डिफेन्स अकाउंट्समध्ये ऑडिटर होता येतं, फौजेचा पगार, पेन्शन, खरेदी सगळ्याचा हिशोब ती माणसं बघतात. यूपीएससीच्या सिव्हिल सर्व्हिसेसमधून इंडियन डिफेन्स अकाउंट्स सर्व्हिस आणि डिफेन्स इस्टेट्स सर्व्हिस आहेत. मुंबईतच नेव्हल डॉकयार्ड आहे, माझगाव डॉक आहे, पाणबुड्या आणि युद्धनौका बांधणारं, तिथे फायनान्स, एचआर, स्टोअर्सला माणसं लागतातच. मेडिकल यातल्या बऱ्याच ठिकाणी आहे, पण ते टेबलवर बसून काम करणाऱ्याचं असतं, पोस्टवर राहणाऱ्याचं नसतं, आणि तिथेही खरं तेच लिहायचं. पोलीस भरतीचं तू विचारलंयस. ग्राउंड तुला जमेल, मुलींना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक, पण शेवटी तिथेही सरकारी डॉक्टर तपासतो, म्हणून तयारीत वर्ष घालवायच्या आधी तुझी फाइल सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरला दाखवून मत घे.

आणि तुझ्या पत्रात सगळ्यात मोकळा, सगळ्यात आनंदी भाग कुठला होता सांगू? ज्युनियर कॅडेट्सना ड्रिल शिकवल्याचा. ती पहिल्या वर्षाची मुलगी, जिला 'दाहिने मुड' (उजवीकडे वळणं) जमत नव्हतं आणि तू कॅम्पमध्ये रोज संध्याकाळी तिला वेगळं शिकवलंस, त्यावर तू जवळजवळ एक पान लिहिलंयस, एसएसबीवर चार ओळी. कॉलेजमध्ये शिकवणाऱ्यांना असोसिएट एनसीसी ऑफिसर होता येतं, महिलांचं ट्रेनिंग ग्वाल्हेरच्या ओटीएमध्ये होतं, रँक असते, युनिफॉर्म असतो, आणि हाताखाली दरवर्षी नवीन मुली. त्यासाठी आधी एम.कॉम. आणि मग नेट किंवा सेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीची पात्रता परीक्षा. सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, सेंटर मुंबईतही असतं. एम.कॉम.च्या ॲडमिशनच्या तारखा तुझ्या भोपाळच्या तारखांच्या आसपासच येतील, तेव्हा फॉर्म आधी भरून ठेव.